उसने तारुण्य आणि कादंबरीचा काळ : 'ययाति'चे एक वाचन

१

वि. स. खांडेकर यांची 'ययाति' ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. १९६० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७४ च्या ज्ञानपीठ पुरस्कारामुळे खांडेकर हे त्या सन्मानाचे पहिले मराठी मानकरी ठरले. इतका मान लाभलेल्या या कादंबरीविषयी आपल्याकडे दोन प्रकारची वाचने रूढ झाली. पहिले वाचन तिला भोगवादावरचे भाष्य मानते. ययाती म्हणजे वासनेच्या मागे धावणारा आधुनिक माणूस, कच म्हणजे संयम, शर्मिष्ठा म्हणजे निरपेक्ष प्रेम, असे समीकरण मांडून ते मोकळे होते. खांडेकरांनी स्वतःच ययातीला आजच्या सामान्य माणसाचा प्रतिनिधी मानले असल्याने या वाचनाला लेखकाचीही संमती आहे. दुसरे वाचन नवसाहित्यानंतरच्या अभिरुचीचे आहे. त्याला या कादंबरीत बोधवाद, अलंकरण आणि सुभाषितांची गर्दी दिसते, आणि ती एका संपलेल्या वाङ्मयीन युगाची उशिरा आलेली निर्मिती आहे, असे म्हणून ते पुढे जाते.

ही दोन्ही वाचने परस्परविरोधी भासली तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. कादंबरीतून काय सांगितले आहे, एवढेच दोघेही पाहतात. एक त्या सांगण्याचा गौरव करतो, दुसरा त्याला कंटाळतो. कादंबरी म्हणून 'ययाति' आपल्या द्रव्याचे काय करते, हा प्रश्न दोन्हीकडे मागे राहतो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न काळाच्या अंगाने विचारावयाचा आहे. त्याचे कारण उघड आहे. ययातीचे आख्यान मुळातच काळाच्या उलटापालटीचे आख्यान आहे. बापाचे वार्धक्य मुलाच्या देहात जाते, मुलाचे तारुण्य बापाच्या देहात येते. अशा आख्यानाला कादंबरीचे रूप द्यावयाचे तर काळाचा प्रश्न टाळता येत नाही. खांडेकरांनी तो कसा हाताळला, त्यात त्यांना काय साधले आणि काय निसटले, हे पाहिल्यास या कादंबरीचे मोल आणि तिची मर्यादा दोन्ही अधिक नेमकेपणाने सांगता येतील, असे वाटते.

२

प्रथम मूळ आख्यानाचा काळ ध्यानात घ्यावा लागतो. महाभारताच्या आदिपर्वात ही कथा वैशंपायन जनमेजयाला सांगतो आणि जनमेजय हा पुरूच्या वंशातला. म्हणजे जो ऐकतो आहे तो या कथेचे फळ आहे. देवयानीला यदू व तुर्वसू हे दोन, शर्मिष्ठेला द्रुह्यू, अनू व पुरू हे तीन, असे पाच पुत्र ययातीला आहेत. शुक्राचार्यांच्या शापाने जरा आली तेव्हा चौघांनी ती घेण्याचे नाकारले आणि धाकट्या पुरूने ती स्वीकारली. या कथेचे एक काम, थोरल्यांना डावलून धाकटा राजा का झाला याचे समर्थन करणे, हे आहे. प्रजाजनही राज्याभिषेकाच्या वेळी नेमका हाच प्रश्न विचारतात. त्यामुळे मूळ आख्यानात काळ म्हणजे वंश. पुरूच्या देहाचे काय झाले, ती जरा अंगावर वागवताना त्याला काय वाटले, याची विचारपूस करण्याचे तेथे प्रयोजन नाही. ययाती एक सहस्र वर्षे उपभोग घेतो, त्याची व्यर्थता ओळखतो आणि तारुण्य परत करतो. ही सहस्र वर्षे म्हणजे केवळ एक मोठी संख्या आहे. तिला अवधी नाही. तिच्यात ऋतू पालटत नाहीत, माणसे मरत नाहीत, कोणी वाट पाहत थकत नाही.

बाख्तिनने महाकाव्य आणि कादंबरी यांतील भेद सांगताना महाकाव्याचा भूतकाळ हा पूर्ण झालेला, वर्तमानापासून तोडलेला भूतकाळ असतो आणि कादंबरी मात्र अपूर्ण वर्तमानाशी सतत संपर्क ठेवते, असे प्रतिपादन केले आहे. भारतीय संदर्भात हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. आपल्याकडे महाभारत कीर्तनकाराच्या, नाटककाराच्या आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी वर्तमानातच वावरत आले आहे. तरीही अवधीच्या बाबतीत हा भेद उपयोगी पडतो. सहस्र वर्षांचा उपभोग आख्यानात सांगता येतो. कादंबरीत तो जगून दाखवावा लागतो आणि जगून दाखवणे अशक्य आहे.

खांडेकरांचा पहिला मोठा कल्पक निर्णय येथे दिसतो. त्यांनी ती सहस्र वर्षे काढूनच टाकली. त्यांच्या ययातीला पुरूचे तारुण्य मिळते आणि फार थोड्या वेळात तो पश्चात्तापाने ते परत करण्यास सिद्ध होतो. उपभोगाचा प्रदीर्घ काळ त्यांनी शापाच्या आधी नेला. मूळ कथेत तारुण्य उसने घेतल्यानंतर जो भोग आहे, तो कादंबरीत ययाती स्वतःच्याच तारुण्यात उधळून टाकतो. शर्मिष्ठा तान्ह्या पुरूला घेऊन परागंदा होते. तेथून पुरू आणि यदू तरुण होईपर्यंतचा काळ ययाती विलासात बुडालेला आहे. या एका स्थलांतराने आख्यानाचा अर्थ पालटतो. मुळात जरा हे भोगातील विघ्न आहे. कादंबरीत जरा हा आधीच वाया गेलेल्या आयुष्याचा हिशेब आहे. शाप बाहेरून येत असला तरी त्याच्यापूर्वीच माणूस आतून म्हातारा झालेला आहे. पुराणातील चमत्कार न नाकारता त्याला मानवी अवधीत बसवण्याची ही रीत खांडेकरांची स्वतःची आहे.

दुसरा निर्णय पुत्रांच्या संख्येचा. पाचांऐवजी त्यांनी दोनच ठेवले, देवयानीचा यदू आणि शर्मिष्ठेचा पुरू. वंशावळीला लागणारे तिघे गळाले आणि दोन मातांच्या दोन जीवनरीती समोरासमोर उभ्या राहिल्या. ययातीचे स्वर्गारोहण, तेथून पतन आणि दौहित्रांच्या पुण्याने पुन्हा वर जाणे हा मूळ आख्यानाचा उत्तरभागही कादंबरीत नाही. थोडक्यात, खांडेकरांनी वंशाचा काळ वजा केला आणि त्याच्या जागी एका आयुष्याचा काळ ठेवला.

३

हे आयुष्य सांगितले कसे आहे, हा यापुढचा प्रश्न. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांच्या प्रथमपुरुषी निवेदनांतून कादंबरी उलगडते. जेरार झेनेतने कथनातील काळाचा विचार क्रम, अवधी आणि वारंवारिता या तीन अंगांनी केला आहे. 'ययाति'चे वैशिष्ट्य क्रमात आणि वारंवारितेत विशेष दिसते.

ययातीचे निवेदन सर्व काही घडून गेल्यानंतरचे आहे. आपण ही कथा का सांगतो आहोत, अशा संभ्रमातून ते सुरू होते आणि बालपणाकडे जाते. देवयानी आणि शर्मिष्ठा यांची निवेदने मात्र बव्हंशी घटनांच्या मध्यावर उभी आहेत. उद्या काय होणार हे ठाऊक नसलेल्या माणसाच्या स्वगतासारखी त्यांची ठेवण आहे. तेथून त्या मागे वळून पाहतात, पुन्हा आपल्या क्षणाशी येतात. त्यामुळे वाचक दोन प्रकारच्या काळांत आळीपाळीने राहतो. एक शेवट माहीत असलेल्या माणसाचा काळ, दुसरा शेवट माहीत नसलेल्या माणसांचा. ययातीचे 'मी त्या वेळी समजलो नाही' आणि शर्मिष्ठेची अनिश्चित, सावध रात्र यांच्या आळीपाळीतून जो ताण उत्पन्न होतो तो कथानकातील गुंतागुंतीने आलेला नाही. तो या दोन काळांच्या घर्षणाने आलेला आहे. ना. सी. फडके यांच्या तंत्रविचाराने मराठी कादंबरीला रेखीव कथानकाची सवय लावली होती. खांडेकरांचा फडक्यांशी झालेला 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद सर्वश्रुत आहे. पण त्या वादात त्यांची बाजू तंत्राविषयी उदासीन होती, असा समज करून घेणे बरोबर होणार नाही. 'छाया'पासून पुढे चित्रपटकथा लिहिलेल्या या लेखकाला प्रसंगांची मांडणी मागे-पुढे करण्याचे मोल चांगले कळत होते.

वारंवारितेचे अंगही असेच. देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्यातील वस्त्रांवरून झालेले भांडण, शर्मिष्ठेचे दासीपण, ययाती-देवयानी विवाह, हे प्रसंग एकाहून अधिक स्मृतींत येतात. देवयानीला जो अपमानाचा काळ वाटतो तोच शर्मिष्ठेला त्यागाचा वाटतो. आख्यानातील घटना येथे मत बनते. येथेच कादंबरी पुराणापासून खऱ्या अर्थाने वेगळी होते. कालिदासाच्या शाकुंतलात कण्व शकुंतलेला शर्मिष्ठेचा दाखला देऊन आशीर्वाद देतो. म्हणजे परंपरेच्या एका प्रवाहात ययाती आणि शर्मिष्ठा हे सुखी दांपत्याचे उदाहरण आहेत. त्याच जोडप्याचे सुख अशोकवनाच्या चोरट्या काळात कोंडलेले दाखवून खांडेकरांनी परंपरेच्या स्मृतीलाच उलटतपासणीस उभे केले आहे.

कचाच्या बाबतीतही काळाचा असाच विस्तार आढळतो. महाभारतातील कच संजीवनी विद्या मिळवून, देवयानीशी शापांची देवघेव करून देवलोकी परततो आणि कथेतून जातो. खांडेकरांचा कच जात नाही. तो पुढेही या तिघांच्या जीवनात येत राहतो. जी प्रेमकथा आख्यानात संपली होती ती कादंबरीत देवयानीच्या संसाराच्या पाठीशी न संपलेल्या काळासारखी उभी असते. देवयानीच्या अहंकाराचे जे चित्रण अनेकांना एकांगी वाटते, त्याला निदान एक खोली या न सरलेल्या काळामुळे लाभली आहे.

४

या कल्पकतेला सांगलीची एक पूर्वपीठिका आहे. तिचा विचार आपल्या समीक्षेत पुरेसा झालेला नाही. खांडेकरांचा जन्म १८९८ साली सांगलीत झाला आणि मॅट्रिकपर्यंतचे त्यांचे शिक्षण तेथेच झाले. १९२० ते १९३८ ही वर्षे शिरोड्याला आणि त्यानंतरचा काळ कोल्हापुरात गेल्याने त्यांच्या वाङ्मयाची चर्चा कोकण आणि कोल्हापूर यांच्या संदर्भात होते. सांगली मागे राहते. परंतु पुराणकथेला वर्तमानाच्या कामाला लावण्याची मराठीतील आधुनिक परंपराच या गावात सुरू झाली. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' केले ते सांगलीत. कृ. प्र. खाडिलकर सांगलीचेच, त्यांच्या 'विद्याहरण' (१९१३) या नाटकाचा विषय कच-देवयानी हाच आहे आणि शुक्राचार्यांची मद्यासक्ती हे त्यातले समकालीन प्रयोजन आहे. गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. 'संगीत शारदा' (१८९९) ही पुराणकथा नाही. तरीही पंचाहत्तरीतला भुजंगनाथ कोवळ्या शारदेशी लग्न करू पाहतो, तेव्हा वार्धक्याने तारुण्यावर सांगितलेला हक्क हाच तिचा विषय होतो.

ही तीन नाटके 'ययाति'ची उगमस्थाने आहेत, असा दावा येथे करावयाचा नाही. तसा दावा करण्यास प्रत्यक्ष प्रभावाचा पुरावा लागतो. मुद्दा एवढाच आहे की, ज्या वाङ्मयीन वातावरणात खांडेकरांची घडण झाली त्यात पुराणकथेचा पुनर्विचार आणि वार्धक्य-तारुण्यातील व्यवहाराचा प्रश्न हे दोन्ही अगोदरच हाती आलेले होते. 'विद्याहरण' जेथे संपते त्याच्या पुढचा काळ 'ययाति'त आहे आणि 'शारदे'त जे लग्न टळते त्याचे पौराणिक प्रतिरूप 'ययाति'त घडून जाते. देवलांच्या नाटकात समाज वेळेवर जागा होतो. खांडेकरांच्या कादंबरीत एक तरुण स्वेच्छेने म्हातारा होतो. साठ वर्षांतले हे अंतर सुधारणेवरील विश्वासाचे अंतर आहे.

प्रकाशनकाळाचा आणखी एक संदर्भ नोंदवण्याजोगा आहे. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. 'ययाति' लिहिली गेली ती या संक्रमणकाळात. ज्या संस्थानी जगात खांडेकर वाढले त्यातले राजवाडे, दासदासी, दरबार यांचा प्रत्यक्ष काळ नुकताच संपला होता. हस्तिनापूरच्या राजवाड्यातील तळघरे, भुयारे, दासींची कुजबुज हा केवळ पौराणिक देखावा म्हणून वाचला जातो. पण १९५९ च्या वाचकाच्या दृष्टीने राजवाडा ही काल-परवापर्यंतची संस्था होती. पुराणकाळ आणि आजचा काळ यांच्यामध्ये कादंबरीने संस्थानी काळाची एक पातळ चौकट ठेवली आहे, असे म्हणता येईल.

५

येथपर्यंत कादंबरीच्या जमेची बाजू झाली. आता तिच्या मर्यादेकडे वळले पाहिजे. ही मर्यादा बोधवादाची आहे असे सामान्यतः म्हटले जाते. ते अपुरे आहे. माझ्या मते ती निवेदनाच्या वाटपाची आहे.

तीन निवेदक आहेत, तथापि त्यांची भाषा एक आहे. उपमा, रूपके, फुले, नक्षत्रे, दीप आणि समुद्र यांची तीच सामग्री तिघांच्याही हाती आहे. रचनेने ही कादंबरी अनेककेंद्री आहे. भाषेने ती एककेंद्री राहते. बाख्तिनला अभिप्रेत असलेली बहुस्वरता केवळ निवेदक वाढवून येत नाही, त्यासाठी प्रत्येकाच्या शब्दांना त्याच्या जगण्याचा वास यावा लागतो. अलंकरणाविषयीचा जुना आक्षेप अशा रीतीने नेमका करता येतो. अलंकरण वाईट म्हणून नव्हे, तर ते तिन्ही काळांना एकाच कालातीत सुरात बांधते म्हणून ते खटकते. सुभाषिताला काळ नसतो. ज्या कादंबरीने सहस्र वर्षांच्या कालशून्य संख्येला हद्दपार केले, तिच्यात कालशून्यता सुभाषितांच्या वाटेने परत येते.

मात्र ययातीच्या निवेदनातील सुभाषितांना एक वेगळा न्याय देणे आवश्यक आहे. तो शहाणपणाचे बोलतो आणि लगेच घसरतो, हा क्रम कादंबरीत पुनःपुन्हा येतो. विवेकाचे वाक्य हा त्याच्यापाशी कृतीचा पर्याय आहे. बोलून झाले की केल्याचे समाधान त्याला मिळते. असे वाचल्यास ही वाक्ये लेखकाचा उपदेश न राहता निवेदकाच्या आत्मवंचनेची लक्षणे ठरतात. खांडेकरांनी हे जाणूनबुजून केले की नाही, हा प्रश्न गौण आहे. संहितेत त्याला आधार आहे.

अधिक गंभीर प्रश्न कोणाला निवेदन मिळाले नाही, हा आहे. ज्याच्या देहावर काळाची खरी उलटापालट घडते तो पुरू या कादंबरीत निवेदक नाही. तरुण मनाने म्हाताऱ्या देहात जागे होणे हा या आख्यानातला सर्वांत विलक्षण अनुभव. तो आपल्याला बाहेरून, बापाच्या डोळ्यांनी, त्याच्या पश्चात्तापाचे निमित्त म्हणून दिसतो. सहस्र वर्षे काढून टाकण्याच्या निर्णयाची ही दुसरी बाजू आहे. अवधीच उरला नाही, तेव्हा पुरूला म्हातारपण जगण्यास वेळच मिळाला नाही. कचाच्या साह्याने सर्व काही पूर्ववत होते, राज्य पुरूकडे जाते आणि त्यागाची किंमत कोणी मोजली हे विचारण्याआधीच हिशेब मिटतो. गिरीश कर्नाडांचे कन्नड 'ययाति' हे नाटक कादंबरीपाठोपाठ, १९६१ साली प्रसिद्ध झाले. त्यात पुरूला चित्रलेखा ही पत्नी आहे. पतीच्या त्यागात आपली संमती कोणी घेतली, हा प्रश्न ती मांडते आणि तिचा शेवट आत्मघातात होतो. कर्नाडांनी जो प्रश्न मुलाच्या पिढीच्या तोंडी दिला, तो खांडेकरांनी बापाच्या अंतःकरणात ठेवला. ए. के. रामानुजन यांनी भारतीय कथांत पित्याने पुत्राचे जीवन मागण्याचा आकृतिबंध आढळतो, असे दाखवले आहे आणि ययाती हे त्याचे ठळक उदाहरण आहे. या आकृतिबंधात पुत्राचे मौन हा योगायोग नसतो. त्या मौनावरच तो उभा असतो. खांडेकरांनी आख्यानातील पुष्कळ काही बदलले, परंतु हे मौन तसेच ठेवले.

पुरूच्या मौनाच्या खाली आणखी एक मौन आहे. अलका ही दासीची मुलगी ययातीच्या कोवळ्या वयातली पहिली निरागस ओढ आहे. राजमाता तिला विष देऊन संपवते. मुकुलिका, तारका यांची आयुष्येही राजपुत्राच्या, राजाच्या वाटेवर येऊन खर्ची पडतात. तारुण्य उसने घेण्याचा व्यवहार पुरूपासून सुरू होत नाही. तो अलकेपासून चालू आहे. फरक एवढाच की, दासींचे तारुण्य मागावे लागत नाही आणि परतही करावे लागत नाही. त्याला शापाची, वराची, ऋषीच्या मध्यस्थीची गरज पडत नाही. संहितेत ही सामग्री आहे, खांडेकरांच्या करुणेने ती आणलेली आहे. पण ययातीच्या स्मृतीत अलका सोनेरी केसांची एक हळवी आठवण होऊन राहते. दासीपणाच्या बाजूने बोलणारी एकच निवेदक आहे, शर्मिष्ठा, आणि ती जन्माने राजकन्या आहे. खालच्या काळाचा अनुभव कादंबरीला वरून उतरलेल्या व्यक्तीच्याच तोंडून ऐकावासा वाटतो. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने (१९६७) अनेक निवेदकांचा हाच घाट स्वीकारला, तेव्हा कर्णाबरोबर शोणालाही निवेदन दिले. सूताच्या घरातला भाऊ बोलतो तेव्हा त्या कथेचा काळ बदलतो. 'ययाति'ने उघडलेल्या घाटाची ती पुढची शक्यता होती.

६

हा प्रश्न केवळ कथनमीमांसेचा नाही. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात, सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयांत मराठी शिकण्यास येणारा विद्यार्थी कोण आहे, हे पाहिले म्हणजे त्याचे गांभीर्य कळते. वाळवा-कराडच्या उसाच्या पट्ट्यातून तो येतो, तसाच माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांतूनही येतो. बापाच्या कर्जासाठी शिक्षण सोडून मुंबईची वाट धरणारा थोरला भाऊ, सोळाव्या-सतराव्या वर्षी लग्न लावून दिलेली बहीण, हे त्याच्या ओळखीचे लोक आहेत. एका पिढीने दुसऱ्या पिढीचे तारुण्य उसने घेणे हा त्याला चमत्कार वाटत नाही. वर्गात या कादंबरीवर बोलताना भोग आणि संयम यांची चर्चा तो आदराने उतरून घेतो; पुरूने होकार का दिला, या प्रश्नाशी मात्र तो थांबतो. वही मिटून बोलू लागतो. मातृभक्ती, पितृभक्ती, राज्याचा लोभ, बापाची माया मिळवण्याची भूक, अशी उत्तरे येतात आणि त्यांतले कोणतेही संहितेत पुरूच्या स्वतःच्या तोंडून पडताळून पाहता येत नाही.

अशा वाचकाला 'ययाति' नीतिकथा म्हणून दिली तर आपण त्याला पुरूच्या जागी बसवून ययातीचा पश्चात्ताप ऐकवतो. पित्याला पश्चात्ताप झाला, यातच पुत्राचे सार्थक आहे, असे ते सांगणे होते. आणि जुनी, अलंकारिक म्हणून ती कादंबरी अभ्यासातून वगळली, तर पिढ्यांतील या व्यवहाराची मराठीतली एक समर्थ मांडणी आपण त्याच्या हातातून काढून घेतो. दोन्ही मार्ग सोयीचे आहेत. दोन्हींत संहितेचे वाचन होत नाही.

तिसरा मार्ग ही कादंबरी तिच्या काळरचनेतून वाचण्याचा आहे. तिने सहस्र वर्षांची पौराणिक संख्या मोडून एका माणसाचे वाया गेलेले आयुष्य उभे केले. शेवट जाणणाऱ्या आणि न जाणणाऱ्या निवेदनांना एकमेकांसमोर ठेवले. परंपरेने मिटवलेल्या कचाच्या आणि देवयानीच्या काळाला पुन्हा वाट दिली. ही कामगिरी लहान नाही आणि ती करणाऱ्या लेखकाला केवळ बोधवादी म्हणणे हे आळशी समीक्षेचे लक्षण आहे. त्याच वेळी, ज्याचा काळ घेतला गेला त्याला बोलू देण्याच्या उंबरठ्यावर येऊन ती थांबली, हेही स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. सांगलीच्या रंगभूमीने शारदेला आपले गाऱ्हाणे गाण्याची मुभा १८९९ साली दिली होती. पुरू, अलका आणि तारका यांना ती मराठी कादंबरीकडून अद्याप मिळावयाची आहे. खांडेकरांच्या कादंबरीचा खरा वारसा चालवणारा लेखक तिच्या भाषेचे अनुकरण करणार नाही. तो चौथे निवेदन लिहील.